बसवलेली हलवायची नाही

शुक्रवार, १ ऑगस्ट

नाना उद्या मशीनवर जाणार नाहीत! ठरलं म्हणे. मला कुणी विचारलं? कुणी नाही. मी आपली बाहेर बसून साड्यांना लेस चिकटवत होते, आणि तिकडं ओट्यापाशी माय-लेकाचं ठरूनसुद्धा गेलं.

नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, दोन्ही किडन्या गेल्यात. बुधवार आणि शनिवार डायलिसिस, त्यात हयगय चालत नाही. यात यांच्या घरची देवी कानबाई मधे कुठून आली? तर आली. रविवारी ती बसणार, आणि आदल्या दिवशी तिच्या रोटांचे, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांचे, गहू मोजायचे. घरातल्या प्रत्येक बाप्याच्या नावानं सव्वा मूठ, आणि ती मूठ घरच्या कर्त्या पुरुषानं टाकायची. नाना शनिवारी दिवसभर दवाखान्यात असले तर मूठ कोण टाकणार?

"हे टाकतील की," मी नवऱ्याकडं बघून म्हटलं.

सासूबाईंनी असं बघितलं माझ्याकडं, जसं काही मी नानांना मारूनच टाकलं. "त्याना बाप जित्ता शे अजून," म्हणाल्या. संपलं बोलणं.

धर्मेंद्रनं (इथं तरी नवऱ्याचं नाव घेते) दवाखान्यात फोन लावून सोमवारची पाळी मागून घेतली. "सोमवारी सकाळी विसर्जन झालं की डायरेक्ट नेतो. एवढं काय त्यात, यार." एवढं काय! मागच्या महिन्यात तिथल्या सिस्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, एक पाळी चुकली की पाणी अंगात साचतं, मग छातीत चढतं, मग माणसाला श्वास घेता येत नाही. मी ते सगळं परत सांगितलं. नाना नुसते हसले. "ज्योती, बेटा, कानबाई सांभाळीन ना."

मी हिंगोलीकडची. आमच्यात कानबाई नसते. तीन वर्षं झाली या घरात येऊन, आणि माझं तोंड बंद करायला तेवढं एक वाक्य यांना पुरतं — तुमच्यात नसते, तुला नाही कळायचं.


शनिवार, २ ऑगस्ट

दिवसभर पाऊस. गहू मोजून झाले. नानांनी सोवळं नेसून मुठी टाकल्या, गहू सुपाबाहेर सांडले. सासूबाईंनी एकेक दाणा वेचला.

नानांचे पाय सुजलेत. बोट दाबलं की खड्डा पडतो आणि तसाच राहतो. मी धर्मेंद्रला दाखवला. तो बघून उठून गेला.

वरच्या खोलीतला भाडेकरू श्रीरंग दुपारीच कामावरून परत आला. वर्ध्याकडचा आहे, पलसाण्याला कपडा रंगवायच्या मिलमध्ये कामाला. म्हणाला, "वहिनी, रस्त्यावर पाणी येऊन राहिलं, शिफ्टच बंद केली." बारडोलीकडं तर म्हणे उसात कमरेइतकं पाणी आहे. तिकडचं पाणी आमच्या खाडीत यायला रात्र पुरते. नवागामात राहणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं.

मी सगळ्यांची आधारकार्डं, नानांची फाईल, गोळ्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधून कपाटावर ठेवल्या. सासूबाई म्हणाल्या, सणासुदीला अभद्र नको करू.


रविवार, ३ ऑगस्ट, सकाळ

कानबाई बसली.

खरं सांगते, बसली की घर बदलतं. नुसता नारळ असतो तो. पण सासूबाईंनी त्याला डोळे काढले, नथ घातली, कुंकू लावलं, कलशावर ठेवून लाल ओढणी पांघरली आणि घरात कुणीतरी येऊन बसल्यासारखंच वाटायला लागलं. मी पण हात जोडले. काय मागितलं ते लिहायची गरज नाही.

आता उद्या सकाळपर्यंत तिच्यापुढचा दिवा विझू द्यायचा नाही, घर एकटं सोडायचं नाही आणि एकदा बसवलेली हलवायची नाही. सासूबाईंचा कडक उपास. रोट भाजून डब्यात भरलेत, पण खायचे संध्याकाळी, आरतीनंतर. आणि तेही फक्त भाऊबंदांनी खायचे, परक्याच्या पोटात जाता कामा नयेत.

पाऊस थांबलाय. चक्क ऊन पडलंय! धर्मेंद्र मला म्हणतो कसा, "बघ, उगाच घाबरत होतीस."


रविवारीच, दुपार

ऊन तसंच आहे आणि पाणी यायलंय.

आधी मोरीतून आलं. काळं, वास मारणारं, बुडबुडत. मी पोतं कोंबलं, पोतं वर आलं. तोवर गल्लीतून पण आलं. दारात आम्ही विटांची पाळ बांधलेली आहे, खाडीसाठीच. ती जराशी पुरली. मग पाणी पाळीवरून आत, आणि एकदा आत आलं की ती पाळच त्याला बाहेर जाऊ देईना. शहाणपणा करून बांधलेली पाळ!

धर्मेंद्रनं मेन स्विच पाडला. कापडाच्या लूमवर काम करणाऱ्याला करंटची भीती कळते, तेवढं बरं. सिलिंडर, गहू, रोटांचा डबा, माझ्या साड्यांचे गठ्ठे, सगळं श्रीरंगच्या खोलीत वर नेलं. शेवटी राहिले तिघं — नाना, सासूबाई आणि कानबाई.

"आई, कानबाईला वर घेऊ," धर्मेंद्र म्हणाला.

"बसेल शे ती. हलवता येत नही."

पाणी घोट्यापर्यंत असताना हे बोलणं. गुडघ्यापर्यंत आलं तरी तेच. शेवटी त्यानं चौरंगाखाली विटा सरकवल्या, मग विटांच्या जागी टेबल, चौरंग तसाच अधांतरी धरून. ते चालतं म्हणे! उचलली, हलवली नाही. मला त्या वेळी हसू आलं, देवाशप्पथ, आणि लगेच रडू आलं. आता कानबाई टेबलावर, सासूबाई तिच्या शेजारी टेबलावरच मांडी घालून, एका हातानं दिव्याला आडोसा धरून. नाना पलंगावर. पलंगाखाली पाणी.

"नाना, तुम्ही तरी वर चला."

"ती इथे, अन् मी वर?" बोलताना त्यांना मधेच थांबावं लागतं आता. अर्धं वाक्य, मग श्वास, मग अर्धं.


परत तीच दुपार

बोट आली होती! आली आणि गेली.

फायर ब्रिगेडची नारिंगी रबरी बोट, गल्लीच्या तोंडाशी. श्रीरंगनं वरून बोंब ठोकली, "पेशंट आहे, पेशंट!" दोन माणसं छातीभर पाण्यातून आमच्या दारापर्यंत आली. बिचारी किती चांगली बोलली. काका, चालो, पहेलां दर्दी, पछी बीजा, म्हणजे आधी पेशंट, मग बाकीचे. दवाखान्यात पोचवतो म्हणाले.

सासूबाईंनी मान हलवली. "मना घर कानबाई बसेल शे. तिले एकली सोडीसन मी जाऊ का?"

"मग नानांना तरी जाऊ द्या!" मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा सासूवर ओरडले. "तुम्ही बसा हिच्यापाशी, यांना जाऊ द्या."

नानाच बोलले. "शोभाले सोडीसन... मी जात नही." शोभा म्हणजे सासूबाई. लग्न झाल्यापासून दोघं एक रात्र वेगळी राहिली नाहीत म्हणे. आजच आठवायचं होतं ते?

मी धर्मेंद्रकडं बघितलं. एक शब्द बोलला असता, बापाला उचलून बोटीत टाकलं असतं, मी आयुष्यभर त्याचे पाय धुतले असते. तो आईकडं बघत होता. मग त्या माणसांना म्हणाला, "भाई, पाणी उतरेल ना आता. पाऊस तर नाही."

त्यातला एक जण गुजरातीत म्हणाला, वरसाद अहीं नथी, उपर छे, पाऊस इथं नाही, वरच्या अंगाला आहे. बारडोलीचं पाणी अजून येतंय, रात्री वाढेल. आणि अंधार पडल्यावर या गल्लीत बोट येऊ शकत नाही, तारा लोंबताहेत. एवढं सांगून ते पुढच्या गल्लीत गेले. तिथंही कुणीतरी ओरडत होतं.

मी वर येऊन श्रीरंगच्या खोलीत रडले. त्याच्यासमोरच. त्यानं पाण्याची बाटली पुढं सरकवली आणि तो गच्चीवर गेला.


रविवार, उन्हं उतरताना

नानांचे ओठ निळे पडायलेत. आडवं पडवत नाही, बसूनच राहतात, खांदे वर-खाली, वर-खाली. पाणी मागतात, आणि पाणी तर द्यायचंच नाही त्यांना. घरभर पाणी आणि मी त्यांच्या ओठांना ओला बोळा लावत बसते.

१०८ ला फोन लागला. पुलापर्यंत गाडी येईल म्हणाले. पुलापर्यंत पेशंट तुम्ही आणा.

श्रीरंग गच्चीवर रंगाचे रिकामे ड्रम बांधतोय. मिलमधून आणलेले निळे प्लास्टिकचे ड्रम, प्रत्येकाच्या दारात असतात पाणी साठवायला. बाजूच्यांचे पण मागून घेतले. त्यावर दार टाकणार आहे, त्याच्या खोलीचं दार बिजागऱ्यांसकट काढलंय. "तरंगते वहिनी, तुम्ही फक्त काकांना तयार करा." धर्मेंद्र पण गेला त्याला मदतीला. हात चालायला लागले की त्याला बरं वाटतं. आईशी बोलण्यापेक्षा दोऱ्या बांधणं सोपं.

पण बसणार कोण त्यावर? नाना सासूबाईंना सोडून येत नाहीत. त्या कानबाईला सोडून येत नाहीत. आणि कानबाई सकाळशिवाय उठत नाही.

सकाळपर्यंत नाना राहत नाहीत. मला दिसतंय ते. सगळ्यांनाच दिसतंय.

परत विनवून बघितलं. पाया पडले सासूबाईंच्या, पाण्यात उभी राहून. म्हटलं, आई, विसर्जन म्हणजे वाहत्या पाण्यात सोडायचं ना? तापीवर न्यायचं ना? पाणीच दारात आलंय बघा. आजच करू. देवीला कळणार नाही का? त्या म्हणाल्या, "सोमवार उजाडाना आधी तिले काढं तं घर बसस." घर बसतं म्हणे. आणि आता काय उभं आहे?

उजेड आहे तोवर काहीतरी करायला पाहिजे.


सोमवार, ४ ऑगस्ट — दवाखान्याच्या जिन्यात

नाना मशीनवर आहेत. आत घेतलंय त्यांना. रात्रीपासून इथं जिन्यात बसून आहे, खाली दुसरीकडं जागाच नाही. पाळी चुकलेले कितीतरी पेशंट आलेत पुराचे.

लिहिते. लिहिलं नाही तर माझं डोकं फुटेल.

दिवेलागणीची वेळ. वरती दोघं ड्रम बांधत होते. सासूबाई भिंतीला डोकं टेकून झोपल्या होत्या. पहाटेपासून उठलेल्या, पोटात अन्नाचा कण नाही, तोंड उघडं पडलं होतं. नानांचे डोळे मिटलेले. नुसता त्यांच्या छातीचा आवाज. पाणी माझ्या मांड्यांपर्यंत होतं. पलंगाची गादी भिजायला लागली होती.

मी टेबलापाशी गेले. कानबाईला दोन्ही हातांनी उचललं.

जड होती. नारळ किती जड असतो? पण जड होती. ओढणी तिच्यासोबतच आली. मी तिला दारापर्यंत नेलं, छातीशी धरून, आणि पाळीच्या पलीकडं गल्लीत सोडलं. जरा वेळ जागच्या जागी फिरली. तोंड माझ्याकडं होतं. मग गल्लीतल्या ओढीनं घेतलं तिला आणि ती भराभर गेली, शेवटच्या घरापाशी वळली आणि दिसेनाशी झाली. मी म्हटलं, "मला माफ कर, मला काय करायचं ते कर, या म्हाताऱ्याला ठेव." एवढंच बोलले. आमच्यात नसते ती, मला तिचे मंत्र येत नाहीत.

दिवा फुंकायला हात धजला नाही. तो ताटलीसकट तिच्या मागं सोडला.

मग मागं फिरले आणि मोठ्यानं ओरडले, "आई! उठा आई, कानबाई गेली! पाण्यानं नेली!"

सासूबाईंनी डोळे उघडले. चौरंगावरच्या रिकाम्या कलशाकडं बघितलं. मग दाराकडं. मला वाटलं आता छाती बडवतील, केस उपटतील. काही नाही. दोन्ही हात जोडून दाराकडं नमस्कार केला — "जाय माय." आणि टेबलावरून सरळ पाण्यात उतरल्या. "चाला आते. यास्ले उठाडा."

पुढचं कसं झालं ते मला तुकड्या-तुकड्यानंच आठवतं. दारावर नाना बसलेले, मागून सासूबाईंनी त्यांना मिठीत धरलेलं, सासूबाईंच्या मांडीत रोटांचा डबा. वर नेलेला तो डबा त्यांनी मागवून घेतला, त्याशिवाय बसायला तयार नव्हत्या. पुढं श्रीरंग, हातात बांबू, प्रत्येक पावलाला आधी बांबू टेकवून बघतोय. गटारांची झाकणं लोकांनीच काढून ठेवलेली, पाणी जावं म्हणून. एका ठिकाणी बांबू खाली गेला तो गेलाच. श्रीरंग कसाबसा मागं आला. "डावीकडून, डावीकडून." बाजूला धर्मेंद्र, गळ्यापर्यंत पाणी, एक हात बापाच्या गुडघ्यावर. मागं मी दोरी धरून. विजेच्या खांबाला कुणी हात लावू नका, श्रीरंग सारखा ओरडत होता. ड्रममधला उरलेला रंग पाण्यात उतरत होता, माझे हात कोपरापर्यंत गुलाबी झालेत, अजून निघत नाहीत.

पुलावर गाडी उभी होती. देव आहे म्हणावं तर कुठल्या तोंडानं म्हणू?


सोमवारीच, संध्याकाळी

डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी भरलंय, उशीर झाला, उद्यापर्यंत काही सांगता येत नाही.

म्हणजे असं. मी देवीला घराबाहेर काढलं आणि तिनं लगेच हिशेब चुकता करायला घेतला. माझं मन म्हणतं वेड्यासारखा विचार करू नको, मशीनला उशीर झाला म्हणून झालं हे. दुसरं मन म्हणतं, घर बसतं म्हणाल्या होत्या ना?

सासूबाई बाकड्यावर बसून आहेत, डबा मांडीत. माझ्याशी एक शब्द नाही. रागावल्यात का थकल्यात, कळत नाही. सांगून टाकावं वाटतं. तोंडापर्यंत येतं आणि परत गिळते. नाना गेले आणि त्यांना कळलं मी काय केलंय, तर त्या दोघी मला कधी माफ करणार नाहीत, सासूबाई पण आणि ती पण.


मंगळवार, ५ ऑगस्ट

परत मशीनवर घेतलं. जिवंत आहेत. एवढंच.


बुधवार, ६ ऑगस्ट

नाना बोलले! "चहा मिळीन का?" सिस्टर म्हणाली, घोटभर. मी बाहेर येऊन भिंतीला टेकून इतकी रडले की एका अनोळखी बाईनं मला जवळ घेतलं. तिचं कुणी गेलं होतं का काय, ती पण रडायला लागली.

पाणी उतरलंय म्हणे. धर्मेंद्र घर बघायला गेला होता. ढोपरभर गाळ, पलंग उलटा पडलेला, पाळीजवळ एक मेलेलं डुक्कर. त्यानं ती पाळ घणानं फोडून टाकली. मला सांगता सांगता म्हणाला, "ज्योती, मी त्या बोटीला का जाऊ दिलं?" मी बोलायच्या लायकीची राहिले आहे का?


गुरुवार, ७ ऑगस्ट

आता ही गोष्ट पसरलीय. अख्ख्या नवागामात. कानबाई स्वतः पाण्यात उतरली, सुकलालचा, म्हणजे आमच्या नानांचा, जीव वाचवायला आपण होऊन निघून गेली! दवाखान्यात बघायला येणारी प्रत्येक बाई सासूबाईंच्या पाया पडते. भाग्यवान तुम्ही, म्हणते. एक माझ्याही पाया पडायला वाकली, मी पाय मागं घेतला.

सासूबाई "हो" पण म्हणत नाहीत आणि "नाही" पण. पदरानं तोंड पुसतात.


शुक्रवार, ८ ऑगस्ट

आजचा दिवस नको होता.

नानांचे चुलतभाऊ भटूकाका डिंडोलीहून आले, त्यांच्यासोबत भाऊबंदांतले आणखी दोघं. नानांना बघायला आले असं वाटलं, पण ते दाराबाहेर सासूबाईंना घेऊन उभे राहिले. भटूकाका म्हणाले, लोकं काहीही बोलोत, देवी रात्र न काढता कुणाच्या घरातून उठत नसते. उठली म्हणजे घरात काहीतरी चुकलं. दिव्यापाशी कोण होतं? कुणाचा विटाळ होता? सून परमुलखातली, तिला रीत माहीत होती का?

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, सांगणारच होते. मीच सोडली, हिंगोलीच्या पोरीनं सोडली, मला काय करायचं ते करा.

सासूबाई माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. पाठ माझ्याकडं.

"सूननं काय बी करं नही," म्हणाल्या. "मना डोया लागना. दिवापान मी व्हतू. चूक मनी."

भटूकाका म्हणाले, वयनी, असं असेल तर या वर्षीचे तुमचे रोट आम्हाला चालायचे नाहीत. पुढच्या वर्षी तुमच्या घरी कानबाई बसवायची का नाही, ते भाऊबंद ठरवतील. सासूबाई मान खाली घालून उभ्या. साठीची बाई, सगळ्या भाऊबंदकीत जिच्या हातचे रोट आधी मागतात ती. "बरं," एवढंच म्हणाल्या.

त्यांनी माझं ओझं आपल्या डोक्यावर घेतलं, त्यांना ठाऊक नसताना, आणि मी भेकडासारखी त्यांच्या पाठीमागं उभी. उद्या पौर्णिमा. पौर्णिमेच्या आत रोट संपवायला पाहिजेत, नाहीतर ते पण पाप. खायला भाऊबंद नाहीत. आम्ही चौघंच, त्यात नानांना पथ्य. उद्या नानांना घरी सोडणार आहेत. घरी गेलं की सांगणार. मग हाकलून दिलं तरी चालेल. असं नाही जगता येत.


शनिवार, ९ ऑगस्ट, पौर्णिमा

नाना घरी आले. गाळ काढलेल्या ओल्या फरशीवर श्रीरंगची खाट टाकून त्यांना निजवलं.

सासूबाईंनी डबा उघडला. शेवटचा एक रोट राहिला होता. मी त्यांच्यासमोर बसले, म्हटलं, "आई, मला तुम्हाला काही सांगायचंय." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. रोट मोडत होत्या, वाळून कडक झालेला.

"सोडताना," त्या हळूच म्हणाल्या, "तुना डोकावर पदर व्हता ना?"

मी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला पण नाही.

"व्हता," मी म्हटलं. खरंच होता. तिला उचलायच्या आधी घेतला होता, मला आत्ता आठवलं.

"मंग बरं," म्हणाल्या, आणि अर्धा रोट माझ्या हातावर ठेवला.